बारीक पिन

कविता, दाराकडे बघू नकोस, अजून कुणी आलेलं नाही. आणि मनिष, तू फार शूर, सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. मग पाय पोटाशी का घेतलेस?

ऐका. रानशेतचा दिपक, कासा नाक्याहून जीप भरतो तो. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. गेल्या साली वाघबारशीच्या नाचाच्या आदल्या दिवशी जीप उभी करून तो डहाणूला गेला, रेकॉर्ड प्लेअरची पिन आणायला. हसू नका रे! बाप त्याचा, हाल्या, तारपा फुंकण्यातला राजा. मुंबईची माणसं येऊन त्याची रेकॉर्ड काढून गेली, वर प्लेअरही देऊन गेली. हाल्या मेला तेव्हा दिपक रांगत होता. मोठेपणी तो त्या रेकॉर्डवरूनच तारपा शिकला. पण शेवटाजवळ रेकॉर्ड खरवडलेली. पिन तिथं आली की उडी मारून मागं. शेवटाची चाल दिपकनं ऐकलीच नव्हती, म्हणून त्याचा नाच दरवर्षी मध्येच तुटायचा.

"तुमचा नाच म्हणजे नाक्यावरची जीप," बायको, संगीता, टोमणा मारायची. "भरते, पण सुटत नाही."

पाड्यानं तर सांगूनच टाकलेलं. या वाघबारशीला शेवट वाजला तर वाजला, नाहीतर पुढच्या सालापासून डीजे.

डहाणूत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिथुननं दोन कार्ट्रिज, पिन बसवलेली बोटभर खोकी, पुढ्यात ठेवली.

"दिपकभाई, ही जाड पिनवाली. जड बसते, उडणार नाही. पण रेकॉर्ड नांगरत जाईल. चार-दोनदा ऐका आणि बापाला रामराम करा."

"आणि ही?"

"ही बारीक. हलकी बसते, पण रेकॉर्डच्या चरीच्या पार तळाला जाते. तुमची जुनी पिन कधी पोचली नाही तिथं."

"तळाला काय असतं?"

"जे झिजलं नाही ते."

दिपकनं दोन्ही हातात घेतली. जाड ठेवली, बारीक उचलली, बारीक ठेवली, जाड उचलली. मिथुन म्हणाला, "अरे, बायको करताना एवढा विचार केला होता का?" शेवटी बारीकच घेतली. मिथुननं ती प्लेअरच्या हाताला कशी बसवायची, वजन किती द्यायचं, सगळं दाखवलं.

रात्री साडेदहा. संगीता झरीला माहेरी गेलेली, सकाळी यायची होती. दिपक घरात एकटा. पिन बसवली, रेकॉर्ड लावली.

खरखर नाही. काही नाही. मग तारपा... स्वच्छ, जणू ओटीवर बसून कुणी वाजवतंय. तारप्याखाली नाचणाऱ्यांचे पाय. इतकी वर्षं ऐकूनही हे पाय त्याला कधी ऐकू आले नव्हते. खरवडलेली जागा आली... पिन उडाली नाही.

पाय वाढले. आता ते रेकॉर्डमधून येत नव्हते.

अंगणातून येत होते.

पोरं सराव करत असतील, म्हणून दिपक उठला. आता बघा, तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. नाचणारे त्याच्याकडे तोंड करूनच फिरतात. पण दिपकला वाटलं, हे तर यंत्र. यंत्राला कसली पाठ?

तो वळला. दाराकडे गेला. कडी काढली.

तारपा थांबला.

अंगण रिकामं. काळोख. एक कुत्रं नाही.

आणि पाठीमागं... कुणीतरी श्वास घेतला. लांब. छाती भरून.

"बा?"

...

तारपा सुरू झाला. पाठीशी. मग डावीकडं. मग उजवीकडं. वाजवणारा फिरत होता. दिपकनं चौकट धरली. मान वळेना. वळवायची छातीही नव्हती. शेवटाची चाल सुरू झाली... पुरी झाली. एक सूर लांबला. मानेवर ऊन ऊन वारा आला.

मग काहीच नाही.

कितीतरी वेळानं तो वळला. चकती थांबलेली. प्लेअरचा हात आपल्या जागेवर नीट ठेवलेला. त्यानं ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाघबारशीला दिपकनं शेवट वाजवला. न अडखळता. हाल्याबरोबर नाचलेली रखमी म्हातारी मटकन खाली बसली, म्हणाली, "हीच... हीच." डीजेचं नाव परत कुणी काढलं नाही.

घरी येऊन त्यानं संगीतासाठी रेकॉर्ड लावली. पिन खरवडलेल्या जागी आली, आणि उडी मारून मागं. पुन्हा लावली. पुन्हा मागं.

दिवाळी झाल्यावर तो पिन काढून घेऊन तणतणत मिथुनकडे गेला. "काय रे, फसवलंस मला!"

मिथुननं डोळ्याला भिंग लावलं. पिन उजेडाकडे धरून फिरवून बघितली.

"दिपकभाई, किती वेळा वाजवली?"

"पुरी एकदाच."

"टोकाला हिरा असतो हो. वर्षानुवर्षं रात्रंदिवस वाजवा, तेव्हा कुठं असा झिजतो." त्यानं भिंग पुसलं, पुन्हा लावलं. आवाज उतरला. "आणि झिजलाय तो मागच्या अंगानं. रेकॉर्ड वर्षानुवर्षं उलटी फिरल्यासारखा, पार तुमच्या बापाच्या दिवसांपर्यंत."