आत्याचा सूर्य का विझत होता?

आग पाण्याने विझते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या शलाका आत्याचा सूर्य कशाने विझत होता? दसऱ्यापासून तिची सगळी प्रयोगशाळा डोक्याला हात लावून बसली होती.

आत्या आमच्या गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मेदूवड्याच्या आकाराचं, खोलीभर मोठं यंत्र बांधलंय. त्यात हायड्रोजन तापवून त्याचा प्लाझ्मा (अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) करतात. एवढ्या तापलेल्या प्लाझ्माला भिंत लागून चालत नाही, म्हणून चुंबकांच्या जोरावर तो अधांतरी धरायचा. पुरेसा तापला, की अणूंची केंद्रं एकमेकांत मिसळतात (याला संमीलन म्हणतात) आणि प्रचंड ऊर्जा निघते. सूर्य तरी दुसरं काय करतो?

पण आमचा प्लाझ्मा पेटला की लगेच गार व्हायचा. पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस येणार होते. तेव्हाही तो टिकला नाही, तर यंत्र उचलून मोठ्या शहरात नेणार होते. आत्याला जेवण गोड लागेना.

"मॅडम, पुन्हा कॅल्शियमची रेघ," तिचा विद्यार्थी यशोधन पडद्याकडे बघत म्हणाला. तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं, त्यावरून ते ओळखू येतं.

"आपल्या यंत्रात कॅल्शियम आहेच कुठे?" आत्या करवादली.

मला शाळेतला प्रयोग आठवला. "आत्या, चुन्यात असतं की. आणि हळदीला चुना लावला की कुंकू होतं."

यशोधनने हळूच मॅडमकडे पाहिलं. खंडेनवमीला यंत्र उघडं होतं. आम्ही माणसं कात्रीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा करणारी. हातमोज्यांशिवाय यंत्राला हात लावाल तर याद राखा, असं दरडावणाऱ्या आत्यानेच आतल्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"म्हणजे मीच," आत्या म्हणाली आणि हसत सुटली. "अगं, हे जड अणू प्लाझ्मात शिरतात आणि त्याची उष्णता प्रकाशाच्या रूपात उधळून टाकतात. दुधात मिठाचा खडा पडावा तसं."

यंत्र उघडलं, घासूनपुसून लख्ख केलं, आतली हवा पुन्हा उपसली. तपासनिसांसमोर गुलाबी प्रकाश उजळला आणि आत्याने बंद करेपर्यंत टिकला. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

सगळी हकिकत ऐकून तपासनीस म्हणाले, "मोठ्या शहरात ही चूक झाली नसती."

"नसती झाली," माझ्या खांद्यावर हात ठेवून आत्या ताठ मानेने म्हणाली. "पण झाली असती, तर आमच्या सातवीतल्या इरावतीइतकी लवकर कुणाला सापडली नसती."

यंत्र गावातच राहिलं. त्यावर अजून एक दिवाही लागत नाही, पण लागेल. तोवर मीही त्या कॉलेजात पोचलेली असेन.