पंधरा करडे लॅपटॉप

"लावून बघू का?" पर्समधून पेनड्राइव्ह काढत मी विचारलं.

जुन्या लॅपटॉपांच्या दुकानातल्या त्या मेकॅनिकने मान वर केली. कपाळावर केसांची बट, हातात स्क्रू ड्रायव्हर… "विकत घ्यायच्या आधीच?"

"यात लिनक्स आहे, शाळेत विंडोजऐवजी आम्ही तेच वापरतो; ते चालतं का बघायचंय. शाळेला पंधरा लॅपटॉप हवेत, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलंय— या वेळी फसलं, तर कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप."

त्याने एक चकचकीत चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला. लिनक्स झोकात सुरू झालं; पण वाय-फायचा पत्ता नाही. दुसऱ्याचं झाकण मिटून उघडलं, तर पडदा काळा तो काळाच.

"तुम्ही गिऱ्हाईक आहात की परीक्षक?"

"गणिताची बाई आहे. काय समजायचं ते समजा."

तेवढ्यात त्याचे मामा, म्हणजे दुकानाचे मालक, पुढे आले. "चंदेरीच घ्या, बाई! वाय-फाय काय, होईल सुरू."

मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "नाही होणार, मामा. त्याची वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्रॅमच लिनक्समध्ये नाही."

मामांनी डोळे वटारले. मला मात्र तो एकाएकी फारच देखणा दिसायला लागला…

मग त्याने माळ्यावरून करडे, जाडजूड लॅपटॉप उतरवले. कुठल्याशा ऑफिसातून आलेले. रूपाने यथातथाच, पण वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झोपणं, जागं होणं— सगळं बिनबोभाट! पंधराच्या पंधरा तपासायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. एक पुरली असती. पण घाई होती कुणाला?

सोमवारी शाळेत मुख्याध्यापिकाबाई कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. मुलींनी बटणं दाबली. आणि पंधराही पडदे उजळले!

"चालू झाले, बाई, चालू झाले!" मुलींनी खोली डोक्यावर घेतली.

मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः वाय-फाय जोडून पाहिलं. "पुढच्या वर्षी आणखी पंधरा आणा," एवढंच म्हणाल्या. मी जग जिंकलं होतं!

लॅपटॉप पोचवायला आलेला मेकॅनिक दाराशी उभा होता. "चला… आता आपण भेटायला काही कारण उरलं नाही."

"बिघडले तर?"

"बिघडायचे नाहीत." तो अडखळला. "म्हणजे… मला तुम्ही आवडता. हे आधीच सांगायचं होतं."

"मग तीन संध्याकाळी काय करत होतात?"

"धीर गोळा करत होतो."

मी सरळ त्याचा हात हातात घेतला. मुली टाळ्या पिटायला लागल्या. मुख्याध्यापिकाबाई मोठ्याने खाकरल्या.

मी हात सोडला नाही.