ओलं फडकं

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे मी स्वतः पाहिलंय. तेही रात्री नाही, दुपारी तीन वाजता, भावाच्या कामाच्या खोलीत.

माझा धाकटा भाऊ शिल्पकार. आई मातीची भांडी घडवणाऱ्या घरातली, बाबा लोहार. दोघांची माणसं वेगळी, भाषासुद्धा वेगळी. भावाने स्वतःचा पुतळा करायला घेतला होता. डावी बाजू मातीची, उजवी लोखंडाची. उजवा हात बाबांनीच ठोकून दिला होता.

आईने पुतळा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"अर्धाच का रे? मी काय तुला अर्धाच जन्म दिला?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," भाऊ म्हणाला.

आईने फडकं बादलीत बुडवलं. माती वाळून तडकू नये म्हणून रोज तीच फडकं भिजवून पुतळ्यावर टाकायची. त्या दिवशीही टाकलं.

त्यानंतर नवव्या दिवशी ती झोपेतच गेली. मायलेकांचं बोलणं राहूनच गेलं.

भावाने खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. "तडकू दे ताई. मला नाही बघवत."

तीन आठवडे तिकडे कुणी फिरकलं नाही. मग त्या दुपारी आम्ही मातीचे तुकडे भरायला घमेलं घेऊन गेलो. कुलूप मीच उघडलं.

आत ओल्या मातीचा वास…

खिडक्या बंद. बादली कोरडी ठणठणीत.

आणि टप… टप…

फडक्यातून पाणी गळत होतं.

भावाने ते ओढलं. माती तडकली नव्हती. उलट लोखंडावरही चढली होती, अंगठ्याने लिंपलेली. प्रत्येक ठशात एक तिरपी रेघ…

आईच्या अंगठ्यावर तसाच व्रण होता.

फक्त बाबांनी केलेला हात उघडा होता.

भाऊ खाली बसून लहान मुलासारखा रडला. "पूर्ण तुझाच आहे गं आई."

याला दोन वर्षं झाली. तो रोज जाऊन तेच म्हणतो. तिला ऐकू जात नसावं. फडकं अजून वाळलेलं नाही, नवे ठसे उमटतातच. आता माती बाबांनी केलेल्या हाताच्या मनगटापर्यंत आलीय.

बाबा मधूनच विचारतात, "माझा हात नीट बसलाय ना रे?"

आम्ही हो म्हणतो.