मोहर खुडणारी आवडी

माघातली सकाळ होती आणि पोलादपुराच्या वरच्या वाडीवर धुकं असं दाट उतरलं होतं की शेजारचं घर दिसेना. गोमाजीची आवडी अंगणातल्या आंब्यापाशी टाचा उंचावून उभी होती. इकडे बघायची, तिकडे बघायची, मोहराचा एक तुरा खुडायची आणि पदराखाली दडवायची.

"आपल्याच अंगणात चोरी? मुंबईत पण असलं बघितलं नाय कधी."

आवडी दचकली. कुंपणापलीकडे एक तरणाबांड माणूस दात घासायची राख हातात घेऊन उभा होता. शेजारच्या राहीबाईचा भाचा, मुरारी. आईबाप नसलेलं पोर, मुंबईतच वाढलेलं. गिरणी बंद पडली तशी मावशीनं बोलावून घेतलं होतं आणि कालच दासगावला बोटीतून उतरून चालत वाडीत आलं होतं.

"कीड लागलीया मोहराला," आवडी म्हणाली.

"अस्सं! आणि कीड पदरात बांधून नेतात होय इकडं?"

झालं! आवडीचे कान तापले. तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. परक्याच्या अंगणात डोळे घालायला लाज नाही वाटत का, इथपासून ते राख संपली असेल तर तोंड धू, इथपर्यंत. तो आपला हसत ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, कुणाला सांगणार नाही, पण खरं काय ते कळल्याशिवाय माझा काही पाय निघणार नाही.

खरं काय ते वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. हे झाड आवडीच्या आईनं लावलेलं. महाडच्या बाजारातून आणलेल्या रायवळ आंब्याची कोय अंगणात पुरली आणि त्याच साली ती गेली. रोप आवडीनं वाढवलं. पहिल्या वर्षी शेळीनं शेंडा खाल्ला तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. मग करवंदीचे काटे आणून कुंपण केलं. आळ्यात चुलीची राख घातली, शेण घातलं, उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडे आणून ओतले. झाड तिच्या डोक्याच्या वर गेलं आणि तिला स्थळं यायला लागली. गोमाजीला लेकीशिवाय दुसरं कोण होतं? आलेल्या पाहुण्याला तो एकच सांगायचा, "अंगणातला आंबा धरू दे. ज्या साली फळ येईल त्या साली लेक उजवीन." आणि गोमाजीचा शब्द म्हणजे शब्द, तो पाहुण्यासाठीही मोडायचा नाही आणि स्वतःसाठीही. म्हणून आंब्याला मोहर यायला लागला तशी आवडी तो दर साली गुपचूप खुडायची. बापाला एकटं टाकून तिला कुठं जायचंच नव्हतं. तिची विशी आली, बायका पाणवठ्यावर कुजबुजू लागल्या, तरी तिचं आपलं खुडणं चालूच होतं.

हे सगळं तिनं त्या उपटसुंभाला का सांगितलं, देव जाणे. पण सांगितलं खरं. आणि मुरारी ते ऐकताना एकदाही हसला नाही.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी कुंपणाशी हजर. कधी आळं उकरून द्यायचा, कधी तिच्या आधीच झऱ्यावरून हंडा आणून ओतायचा. ती म्हणायची, माझ्या झाडाला परक्याचं पाणी चालत नाही. तो म्हणायचा, झाडाला विचारून सांग. सकाळ होऊन तो दिसला नाही की हीच कुंपणाशी जाऊन हाक मारायची, "ए मुरारी, मेलास का काय?" साऱ्या वाडीला ऐकू जायची ती हाक. राहीबाई घरात बसून गालातल्या गालात हसायची.

एकदा तो आळ्यात पाणी सोडत होता आणि ती झाडाकडे नुसतीच बघत उभी होती. झाडावर शेवटचे चार-दोन तुरे उरले होते.

"आज चोरी नाय?"

"नाय."

"का गो?"

"हात... हात पुरत नाय."

तुरा तिच्या नाकासमोर होता. मुरारीनं एकदा तुऱ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग हंडा कडेवरून खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "मग राहू दे. माझापण पुरत नाय." आवडी घरात पळाली. दाराआडून ती तुरा तसाच आहे ना ते बघत राहिली.

शिमगा झाला तशी राहीबाई रीतसर विचारायला आली. गोमाजीनं तिला गूळपाणी दिलं, पोरगा चांगला आहे असंही म्हणाला आणि पुढं तेच बोलला, आंबा धरू दे. आता आली का पंचाईत! इतकी वर्षं जो मोहर खुडून टाकला त्याच्याचसाठी आवडी देवाला हात जोडू लागली. पण उरलेले तुरेही धुक्यानं बरेचसे करपले. बोराएवढ्या चार कैऱ्या धरल्या, त्यातल्या तीन गळाल्या. एक तेवढी वाढत होती. आवडी तिला दिवसातून दहादा बघायला जायची.

वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि तीही पडली. त्याच दिवशी मुंबईहून सांगावा आला, गिरणी सुरू झाली, दासगावहून पावसाळ्याआधीची शेवटची बोट परवा सुटतेय. आवडी कुंपणाशी आली. रडायचं नाही असं ठरवून आली आणि तिथं पोचायच्या आधीच रडली.

"मीच खुडला रे सगळा," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

 दुपारी मुरारी महाडच्या वाटेला लागलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोमाजीनं अंगणातून हाक मारली. आवडी बाहेर आली. आंब्याच्या फांदीला एक आंबा लोंबत होता. चांगला पिकलेला, खांद्यावर लाली चढलेला, घमघमणारा पायरी! गोमाजी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता.

"काल वाऱ्यानं कैरी पडली," तो म्हणाला, "आणि आज पिकला आंबा. रायवळाला पायरी. आणि देठाला गिरणीचं सूत." त्यानं गाठ बोटानं चाचपली. "गाठ मात्र झकास मारलीया."

आवडीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गोमाजी खाली आळ्याच्या कडेला बसला. बराच वेळ मातीत बोटं फिरवत राहिला.

"दर साली हितं खुडलेल्या देठांचा चीक दिसायचा मला," तो म्हणाला. "वाटायचं, पोरीलाच जायचं नाय. मग मी तरी कशाला घाई करू? मलाबी बरंच वाटायचं. चुकलंच माझं." मग वर बघून म्हणाला, "आता नीट सांग. कुणी बांधला हा?"

आवडी चोरून कुंपणाकडे बघू लागली.

"नाव सांग गो त्याचं. झाडावर भूत तर नाय चढलं?"

सारा उन्हाळा जे नाव ती वाडी दणाणून सोडत ओरडली होती ते आज काही केल्या ओठावर येईना. तिनं मान खाली घातली आणि हळूच डोक्यावरून पदर घेतला.

गोमाजी त्या पदराकडे बघत राहिला. त्याच्या बायकोनं सगळ्या संसारात एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, पण तोंडावर हसू होतं.

"बरं बरं... नको घेऊ नाव," तो म्हणाला. उठला, सूत तोडलं आणि आंबा लेकीच्या ओटीत टाकला. मग कुंपणाकडे तोंड करून त्यानं मोठ्यानं हाक दिली, "राहीवैनी, भाच्याची वळकटी सोडा. बोट काय, पावसाळ्यानंतरबी मिळंल!"