रिकाम्या हॉलची मोजणी

मी बाकावर उभी राहून हातातल्या कांडीचा धूर कुठे जातो ते बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. खणखणीत.

"कौतुक पुरे," मी मागे न बघताच म्हटलं. मान वळवली असती तर धूरही वळला असता आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं.

"तुमच्यासाठी नव्हती," मागून आवाज आला. "हॉलसाठी होती. जरा गप्प राहाल? ती विरताना ऐकायचीय मला."

मला गप्प बसवायची हिंमत आमच्या घरात फक्त वहिनी करते... तीही स्वयंपाकघरातून, लांबूनच. मी बाकावरून उतरले. समोर बाह्या दुमडलेला एक उंच माणूस डोळे मिटून उभा होता. डोळे उघडले ते आधी छताकडे. माझी पाळी नंतर आली. राग धरावा की हसावं हे माझं ठरेपर्यंत तो म्हणाला, "फार घुमतो हो हा."

त्याची रीतसर ओळख मग प्राचार्यबाईंनी करून दिली. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, विषय ध्वनी. मुलं त्याला कानसेन म्हणायची. मी शिकवते पर्यावरणपूरक इमारतींची रचना. जाईन तिथली खिडकी उघडते, म्हणून मी खिडकीबाई.

कॉलेजच्या जुन्या व्याख्यान हॉलची दुरुस्ती निघाली होती. समितीचं म्हणणं, खिडक्या बुजवा आणि एसी बसवा. माझं म्हणणं, रंगाच्या थरांखाली चिकटून बसलेल्या खिडक्या मोकळ्या करा, वारा फुकट आहे. वाऱ्यावर मी पुष्कळ लेख लिहिले होते, वाऱ्यावरच डॉक्टरेट मिळवली होती. पण माझ्या सांगण्यावरून कुठे एक वीटसुद्धा हललेली नव्हती. हा हॉल माझा पहिला ठरणार होता. आणि त्यात बोललेलं ऐकू येतं की नाही, याचा अहवाल द्यायचा होता या टाळीवाल्याने.

"खिडक्या उघडल्या की रस्ता आत येणार," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मागच्या बाकावरच्याला तुम्ही नाही, ट्रक शिकवणार."

"आणि बंद ठेवल्या की तो झोपणार."

"तो तसाही झोपतो."

मी हसले नाही. म्हणजे... त्याच्यासमोर नाही.

कॉलेजला सुट्टी होती, हॉल रिकामा होता. आम्ही मोजायला लागलो. मी वारा, तो आवाज. त्याचा माइक चालू असला की मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकायची. माझा धूर चालू असला की तो श्वास रोखून धरायचा, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. लग्न झालेली माणसंही एकमेकांसाठी एवढं करत नसतील. मध्येच आमची नजरानजर व्हायची. मग तो यंत्राची बटणं दाबायचा आणि मी विझलेली कांडी पुन्हा विझवायची.

सुट्टी संपली, मुलं परत आली. आम्ही मात्र तास संपल्यावरच, संध्याकाळी हॉलमध्ये जायचो.

"गडबड नको बाई," मी म्हणायची.

"रिकामाच बरा," तो म्हणायचा.

आकडे वाईट येत होते. रस्त्याकडच्या खिडक्या बंद केल्या की, बागेकडचे खालचे आणि छताजवळचे वरचे झरोके उघडे असूनही, वारा जागचा हलत नव्हता. उघडल्या की ट्रक. आणि काहीही केलं तरी हॉल घुमायचा तो घुमायचाच. शेवटी त्याने समोर बसून सांगितलं, की अहवाल माझ्या विरुद्ध जाणार, आणि खोटं काही त्याला लिहिता येणार नाही.

"लिहूच नका," मी म्हटलं. "दयेवर उभा राहिलेला हॉल मला नकोय."

हे मी मान ताठ ठेवून बोलले. जिन्यात डोळे चुरचुरले ते धुराने, असं माझं मीच ठरवून टाकलं.

समितीच्या बैठकीच्या आधी पुतणीचा वाढदिवस आला. घरातली छोटीशी खोली पोराटोरांनी गच्च भरली. मी कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते. वहिनीने काय झालं ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोज दोघं मोजताय, तरी संपत नाही? मी शिवणाच्या टेपने अख्खं घर एका दुपारी मोजते. तिथे मोजताय काय नक्की?"

"वहिनी, प्लीज."

"बरं, राहिलं. पण उकडतंय किती... कालपर्यंत ही खोली गार होती की."

काल खोलीत माणसं नव्हती. वर बघितलं, तर पोरांचा सुटलेला गॅसचा फुगा छताला घासत घासत भिंतीच्या वरच्या झरोक्याकडे सरकत होता. खोलीतल्या अंगांची ऊब हवेला वर ढकलत होती, आणि हवा फुग्याला. चूल न पेटवताच, धुराडं ओढत नाही म्हणून मी रडत बसले होते!

गॅलरीत जाऊन मी त्याला फोन लावला. हॉल भरलेला असेल तर रस्त्याकडच्या खिडक्यांची गरजच नाही, बागेकडचे खालचे झरोके आणि छताजवळचे वरचे झरोके उघडे ठेवले की पुरे, असं एका दमात सांगितलं.

"माणसांचे कपडे आवाज पितात," तो हळूच म्हणाला. "भरलेला हॉल एवढा घुमणारही नाही. पहिल्या वर्षाला मीच शिकवतो हे."

"मग भरलेला का नाही मोजलात? मुलं तर केव्हाच आली होती."

"मला... गर्दी नको होती."

"आवाजाच्या मोजणीत?"

"नाही. मला नको होती."

आत पोरं टाळ्या पिटत होती. मी कठडा घट्ट धरला. मनात आलं, आपण तरी कुठे मुलांना बोलावलं? वाऱ्यात डॉक्टरेट घेतलेली बाई, आणि हॉलमध्ये माणसं असतात हे विसरली. विसरली कसली... सोयीने विसरली.

"मलाही नको होती," मी सांगून टाकलं. "पण उद्या तुमचाही वर्ग आणा. माझाही आणते."

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला. रस्त्याकडच्या खिडक्या बंद. सुरुवातीला धूर सरळ उभाच राहिला, आणि माझा जीव टांगणीला. मग तो जरासा थरथरला, झुकला आणि मुलांच्या डोक्यांवरून वर, आणखी वर, झरोक्यातून बाहेर गेला. मग कानसेनने टाळी वाजवली. ती लगेच विरली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, इथे सगळं ऐकू येतंय, दुर्दैवाने." सगळा वर्ग हसला.

बैठकीत त्याने नवे आकडे मांडले. पहिली मोजणी अपुरी होती हेही सांगितलं. कारण मात्र सांगितलं नाही. प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एसीच्या प्रस्तावावर काट मारली.

संध्याकाळी तो यंत्र पेटीत भरत होता, उगीच सावकाश. एकेक वायर दोन-दोनदा गुंडाळत होता.

"झालं म्हणायचं," तो पेटीकडे बघत म्हणाला. "आता मोजायला काही उरलं नाही."

"नाही उरलं."

"मग..."

या 'मग'च्या पुढे त्याचं गाडं काही सरकेना. आवाजाचा एवढा अभ्यास, आणि नेमका आता घशातून फुटेना. म्हटलं, पहिला हॉल मिळवलाच आहे, तर हेही आपणच करावं.

"उद्या मोजायला काही नाहीये," मी म्हटलं. "तरी ये."

त्याने मान वर केली. "किती वाजता?"

"तू येशील तेव्हा."