पंधरावं नाव

अर्लिस माझ्या शेजारी येऊन बसली ती मातीकामाच्या बाईंना ताप आला आणि माझ्या शेजारचं त्यांचं टेबल रिकामं राहिलं म्हणून. नाहीतर त्या संध्याकाळी मी जिमच्या एका टोकाला बसलो असतो आणि ती दुसऱ्या.

आमच्या एल्डर क्रीकच्या शाळेत दर मार्चमध्ये विषय निवडायची संध्याकाळ असते. जिममध्ये टेबलं मांडतात. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयाची पाटी लावून बसतो, आणि मुलं आईबापांना घेऊन पुढच्या वर्षाचे विषय ठरवत फिरतात. टेबलावर काहीतरी गोड ठेवायचं असतं. लिंबाच्या वड्या, चॉकलेटच्या वड्या. मुलं वडी घ्यायला थांबली की त्यांना बोलण्यात गुंतवायचं. मी सुतारकाम शिकवायचो आणि शाळेची बस चालवायचो. माझ्या टेबलावर पक्ष्यांसाठी केलेलं एक लाकडी घरटं होतं आणि दुकानातून आणलेली बिस्किटं.

तिच्या टेबलावर काहीच नव्हतं. नुसती ‘कॅल्क्युलस’ अशी पाटी, आणि एक कोरी वही. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. तिचे केस ओले होते आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

मुलगा समोर आला की ती एकच विचारायची, “पुढे काय करायचंय तुला?”

“वकील व्हायचंय, मिस.”

“मग तू त्या समोरच्या टेबलावर जा. कोच संख्याशास्त्र शिकवतात. ते तुझ्या जास्त कामाचं.”

“पण सगळे म्हणतात, कॅल्क्युलस असला की कॉलेजवाले खूश होतात.”

“कॉलेजवाले अर्ज पाच मिनिटं बघतील. वर्ष तुला काढायचंय.”

असे तिने चार जण परत पाठवले. मला राहवेना.

“माफ करा हं,” मी म्हणालो, “पण तुम्ही गिऱ्हाईक आणताय की हाकलताय?”

तिने माझ्या घरट्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे तर हाकलायलाही कुणी आलेलं नाही.”

मी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. तिने एक खाल्लं, मग दुसरं. ती दुपारपासून उपाशी होती.

“किती मुलं लागतात तुम्हाला?” मी विचारलं.

“पंधरा. शुक्रवारी बारापर्यंत. एक जरी कमी पडला तर वर्ग रद्द, आणि माझी नोकरी अर्धी.”

“मग अर्धीवर...?”

“अर्धीवर नाही भागत. हार्मनच्या शाळेने पूर्ण नोकरी देऊ केलीय. तिकडे जावं लागेल.” तिने वही उघडली. “अकरा झालेत.”

हार्मन आमच्याकडून बावीस मैलांवर. तिची माझी ओळख होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, आणि मला ते बावीस मैल फार वाटले.

म्हणून मी मूर्खपणा केला. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या चार पोरांना गाठलं आणि म्हणालो, “कॅल्क्युलसचं नाव द्या रे. मिस कुबिचेक चांगल्या आहेत.” पोरं माझं ऐकायची. चौघांनी फॉर्म भरून दिले. अकरा आणि चार, पंधरा. हिशोब जमला म्हणून मी दिवसभर शीळ घालत होतो.

गुरुवारी सकाळी ती सुतारकामाच्या खोलीत आली. हातात चार फॉर्म. करवत चालू होती, ती मी बंद केली.

“मिस्टर हॉगन, हे तुमचे?”

“माझे म्हणजे... पोरांनी स्वतःहून...”

“यातल्या तिघांनी अजून बीजगणिताचा दुसरा भागच घेतलेला नाही. चौथा मागच्या वर्षी भूमितीत नापास झालाय. सप्टेंबरमध्ये त्यांना वर्गात बसवलं तर ऑक्टोबरमध्ये बाहेर पडतील. आणि तो ‘सोडला’ असा शिक्का त्यांच्या गुणपत्रिकेवर राहील. कॉलेजच्या अर्जासोबत जाणाऱ्या गुणपत्रिकेवर.”

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, नाव म्हणजे नाव.

“मी... तुम्ही जाऊ नये म्हणून केलं,” मी म्हणालो.

तिच्या बाहीला भुसा लागला होता, तो तिने झटकला. मग चारही फॉर्म माझ्यासमोर फाडले.

“या चौघांना बीजगणिताचा दुसरा भाग घ्यायला सांगा,” ती म्हणाली. “आणि पुन्हा असं काही करायचं झालं तर आधी मला विचारा.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “पण... छान वाटलं हं.”

मी ती करवत तासभर चालू केलीच नाही.

शुक्रवारी सकाळपर्यंत तिने स्वतःच्या पायांनी फिरून चौदा नावं जमवली होती. कॅल्क्युलसच्या आधीच्या वर्गाच्या, प्रीकॅल्क्युलसच्या वह्या काढून एकेकाला विचारत होती, तुला जमेल का, तुला हवंय का. साडेअकराला मी ऑफिसात बसच्या वेळापत्रकासाठी गेलो, तेव्हा ती तिथेच होती. इतक्यात डुएन स्ट्रूव आपल्या मुलीला, जोलीनला, घेऊन आत आला. डुएन दुधाचा टँकर चालवायचा. उभ्या गावात त्याचा आवाज ओळखीचा.

“मिस, हा घ्या फॉर्म. पोरीचं नाव कॅल्क्युलसमध्ये घाला. उशीर झाला, पण बारा वाजले नाहीत अजून.”

पंधरावं नाव.

अर्लिसने फॉर्म घेतला. पेन उघडलं. मग जोलीनकडे बघून विचारलं, “तुला काय करायचंय गं?”

“नर्स व्हायचंय.”

“प्रीकॅल्क्युलस कसं चाललंय?”

जोलीनने बापाकडे पाहिलं. “रोज रडते मी,” ती म्हणाली.

“रडू दे!” डुएन म्हणाला. “कॅल्क्युलस नसला तर विद्यापीठवाले अर्ज उघडतसुद्धा नाहीत म्हणे.”

“मिस्टर स्ट्रूव, तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात.”

तिने टेबलावरचा फोन उचलला आणि विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीला लावला. नर्सिंगसाठी शाळेत गणिताचं काय काय लागतं ते विचारलं, आणि फोन डुएनच्या हातात दिला. तो ऐकत राहिला. “हो मॅडम... बरं मॅडम,” एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याचा आवाज खाली आला होता.

“संख्याशास्त्र म्हणाल्या त्या. औषधांच्या चाचण्या वगैरे समजायला. आणि त्यात चांगले मार्क पाहिजेत म्हणाल्या.”

“तिला ते मिळतील,” अर्लिस म्हणाली. तिने फॉर्मवर कॅल्क्युलस खोडलं, संख्याशास्त्र लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती.

ते दोघे गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. खरंच चिडलो. “एक नाव हवं होतं तुम्हाला! एक! आणि ते हातात आलं होतं.”

“आलं होतं.”

“मग?”

“मग काय? वर्षभर तिला समोर बसवून रडताना बघत बसू?” तिने पेनाला टोपण लावलं. “मला इथे राहायचं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?”

त्यानंतर आजपर्यंत मी बरीच हुशार माणसं पाहिली. पण गरज असताना एवढं सरळ वागलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चोवीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो, तरी हे मत बदललं नाही.

बारा वाजता मुख्याध्यापक टेगलँड यांनी वर्ग रद्द केला. ती हार्मनला जाणार हे ठरलं. चौदा मुलं अधांतरी राहिली. त्यांतल्या काहींना इंजिनियरिंगला जायचं होतं, आणि त्यांना कॅल्क्युलस खरोखर हवा होता.

शनिवार-रविवार मी विचार करत होतो. सोमवारी तिला गाठून म्हणालो, “तुम्ही म्हणाला होता, आधी विचारा. म्हणून विचारतो. हार्मनला कॅल्क्युलस पहिल्या तासाला असतो ना? पोरांना मी रोज तिकडे आणलं तर तुम्ही शिकवाल?”

ती बघतच राहिली. “बावीस मैल? रोज? हिवाळ्यात?”

“बस आहे. मी आहे.”

टेगलँडना तयार करायला तीन आठवडे लागले. ते म्हणाले, “वेंडेल, पावणेसहाला उठणार कोण?” मी म्हणालो, “मी साडेपाचला उठतो.”

पुढच्या सप्टेंबरपासून आम्ही जाऊ लागलो. पोरं पहिल्या तासाला बसायची. बसमध्ये थंडीत काय करणार, म्हणून मीही मागच्या बाकावर बसायचो. फळ्यावरचं मला फारसं कळायचं नाही. ती कळायची. पोरगं चुकलं की ती ‘नाही’ म्हणायची नाही, ‘इथपर्यंत बरोबर’ म्हणायची. मग खडू त्याच्याच हातात द्यायची.

मे महिन्यात शेवटची परीक्षा दुपारी होती. पोरं आत पेपर लिहीत होती, दुसऱ्या बाई पहाऱ्याला होत्या. आम्ही दोघं बाहेर बसच्या पायरीपाशी उभे होतो.

“मी घर बघतेय,” अर्लिस म्हणाली. “एल्डर क्रीकमध्ये.”

“पण तुमची शाळा तर इथे आहे.”

“शाळा इथेच राहील.”

“रोज बावीस मैल...?”

“तुम्ही केलेत की वर्षभर. चौदा पोरांसाठी.”

मी टोपी काढली. पुन्हा घातली. “पोरांसाठी... म्हणजे पोरांसाठीही. पण बर्फात गाडी काढताना मी काही पोरांचा विचार करत नव्हतो, अर्लिस.”

“मग कुणाचा करत होता?”

“आता तेही सांगायला लावतेस?”

“नऊ महिने मागच्या बाकावर गप्प बसून राहिलास,” ती म्हणाली. “एकदा तरी हात वर करायचास.”

तिने माझा हात धरला. माझे हात खरखरीत, त्याची मला लाज वाटली. तिला वाटली नाही. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो होतो तेवढा पुन्हा कधी घाबरलो नाही, ते थेट गेल्या वर्षी डॉक्टर तिचे रिपोर्ट घेऊन, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले तोपर्यंत.

पण तो मे महिना होता आणि ऊन होतं. पोरं पेपर देऊन बाहेर आली. अर्लिसने आपली गाडी तिथेच ठेवली, घर बघायला म्हणून बसमध्ये चढली आणि माझ्यामागच्या पहिल्या सीटवर बसली. पोरांनी तिच्याकडे पाहिलं, आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि मग एल्डर क्रीक येईपर्यंत चौदांतलं एकही पोरगं बोललं नाही.