मोक्षाला तेरा मिनिटे

बारा वीस झाले आणि निंबाळ्यावरचं ऊन विझलं. वीस किलोमीटर उंचीवर तरंगणारा, सव्वा किलोमीटर रुंदीचा छायापट उलगडला होता. चंद्र जे काम क्वचित कधी करतो, ते हा पट मे महिन्यात रोज चाळीस मिनिटं करी. अंगावरची आग निघून जाई. मग बाया घरातून निघून तेंदूपत्त्याचे पुडके बांधायला अंगणात बसत.

याला ग्रहण मानायचं की नाही, याचा निकाल गावानं व्यवहार बघून लावला होता. कामाच्या माणसांनी मानायचं नाही, गरोदर बायांनी मानायचं.

स्नेहल गौरकारला सातवा महिना होता. खोब्रागडे सिस्टर वजनकाटा घेऊन आल्या तेव्हा तिच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, खिडकीला आतून गोधडी. वर टिनाचं छत. उंबऱ्यावर सासू, शेवंताबाई.

"दार उघडा."

"मोक्ष झाल्याबिगर नाही, जी."

"पाणी प्यायली का ती?"

"ग्रहणात पानी? नर्स हायेस ना वो तू?" शेवंताबाई हसल्या. "गरोदरीले सवलत म्हून वेध फक्त पहाटेपासून पाळतो आमी."

सिस्टरांनी मनात मांडणी केली. पट सुरू होऊन सत्तावीस दिवस. रोज पहाट ते दुपारी एक, पाण्याचा थेंब नाही. मागच्या वजनात अडीच किलोची घट. त्यांनी दारावर थाप मारली. "स्नेहल!" आतून काहीच आलं नाही.

त्यांनी गुणवंतला फोन लावला. गुणवंत हा स्नेहलचा नवरा आणि गावच्या छायाकेंद्राचा चालक. पट उलगडणं-मिटणं त्याच्या बोटावर होतं. केंद्राच्या फलकावर स्पर्श, मध्य, मोक्ष अशा वेळा लिहायची कल्पनाही त्याचीच. लोकांना आपलंसं वाटावं म्हणून! पट चालवणाऱ्या कंपनीनं त्याला प्रशस्तिपत्र दिलं होतं.

तो धावत आला, हातात नियंत्रणाचा टॅब.

"बायको आत ओ देत नाही. कुलूप काढ."

"आई, दे ना किल्ली."

"तेरा मिनिटं रायली. लेकराचा ओठ फाटला तर ही सिस्टर शिवून देनार हाय का?"

"अरे, ती सावली तूच पाडतोस ना?" सिस्टर ओरडल्या. "कापड आहे ते वर! सांग आईला!"

"मले समजते सिस्टर, मी डिप्लोमा केला हाय," गुणवंत खाली बघत म्हणाला. "पन उद्या काही झालं तं घरात मलेच ऐकावं लागन."

सिस्टरांनी अंगणातला वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. एक. दोन. शेवंताबाई किंचाळल्या. तिसरा घाव घालणार तोच सगळ्या गावावर भक्कन ऊन पडलं. गल्लीभर बायांची आरडाओरड झाली. भर उन्हात पुडके टाकून म्हाताऱ्या भिंतीकडे पळू लागल्या.

गुणवंतनं टॅबवर पट मिटवला होता.

शेवंताबाईंनी वर पाहिलं. "सुटलं," म्हणाल्या आणि शांतपणे कमरेच्या चंचीतून किल्ली काढली.

"अडीच हजार माणसांच्या डोक्यावर सूर्य आणलास," सिस्टर म्हणाल्या, "आणि आईच्या कमरेची किल्ली नाही काढता आली?"

गुणवंत पाणी आणायला पळाला. तेवढं मात्र त्याला लगेच सुचलं.

स्नेहल जमिनीवर पडलेली होती, त्वचा कोरडी, नाडी धावणारी. बाळाचे ठोके सापडायला सिस्टरांना दोन मिनिटं लागली. सापडले.

रुग्णवाहिका चंद्रपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा सलाइनची अर्धी बाटली संपली होती. स्नेहलनं डोळे उघडले. सिस्टरांनी तिच्या ओठांना ओला कापूस लावला. तिनं आधी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग कापसाकडे, आणि तोंड मिटून घेतलं.

"पी गं. ऊन आहे बाहेर."

तिनं सिस्टरांच्या बाटलीतून दोन घोट घेतले. मग हळूच विचारलं, "सिस्टर, चंद्रपूरले बी पट लावनार हायेत का, जी?"

सोमवारपासून लावणार होते. सिस्टरांच्या पिशवीत त्याचं पत्रक होतं, वेळांसकट.